चार सेल, शून्य रंग आणि एक भन्नाट माणूस

रेट्रो गेमिंगची हौस आहे, पण खिसा साथ देत नाही? मग दुकान गाठण्याआधी गुनपेई योकोई यांना भेटा. कमी पैशांत काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे गणित या माणसाला पक्कं जमलं होतं. एकदा मात्र तेही चुकलं.

समजा, तुम्ही पॉकेटमनी, ओवाळणीचे पैसे आणि एखाद्या इंटर्नशिपचं स्टायपेंड असं सगळं मिळून काही हजार रुपये जमवलेत. त्यातून जुना गेमिंग कन्सोल घ्यायचाय. मग सुरू होतो तो नेहमीचा गोंधळ. हा आठ बिटचा, तो सोळा बिटचा. याला रंग आहेत, त्याला नाहीत. ग्रुपमधला एक जण ठासून सांगतो की जास्त पॉवरवालाच घे, नाहीतर पैसे पाण्यात. आणि तुमचं बजेट नेमकं त्या पॉवरवाल्याच्या अलीकडे संपतं.

१९९० च्या आसपास अमेरिकेतल्या मुलांसमोर अगदी हाच प्रश्न होता. हातात धरून खेळायची तीन मशिन्स बाजारात होती. दोघांचा पडदा रंगीत आणि उजळ होता. तिसऱ्याचा पडदा हिरवट, त्यावर करड्या रंगाच्या चार छटा, आणि अंधारात तर काही दिसायचंच नाही. कागदावर बघितलं तर तिसरा सगळ्यात कच्चा. पण जिंकला तोच. त्याचं नाव गेम बॉय. आज रेट्रो गेमिंगचा विषय निघाला की पहिल्या पाचात त्याचं नाव येतंच. तो करडा डबा ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्या माणसाची ही गोष्ट.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेकॅनिक

गुनपेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. त्याच शहरातल्या दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. पण ते काही टॉपर नव्हते. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांमध्ये त्यांची डाळ शिजली नाही. शेवटी घराजवळच्याच एका कंपनीत नोकरी मिळाली. प्लेसमेंटच्या यादीत नाव न लागलेल्यांनी हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

ही कंपनी म्हणजे निन्टेंडो. पण तुम्हाला माहीत असलेली नव्हे. १९६५ मध्ये योकोई तिथे लागले, तेव्हा निन्टेंडो पत्ते बनवायची. १८८९ पासून तिचा धंदाच तो होता, हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. पुढे त्या धंद्यात फार दम उरला नव्हता. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची काहीतरी नवीन शोधत होते. टॅक्सी चालवून झाली, झटपट शिजणारा भात विकून झाला, काहीच टिकलं नाही. अशा कंपनीत योकोईंचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशिन्सची देखभाल. इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आणि हातात तेलाचा डबा.

मशिन्स नीट चालत असली की योकोईंना काम नसायचं. मग ते कारखान्यातल्या लेथवर स्वतःसाठी काहीबाही बनवत बसायचे. एकदा त्यांनी जाळीसारखा लांब होणारा हात बनवला. कात्रीसारख्या मुठी दाबल्या की तो पुढे जायचा आणि टोकाशी वस्तू पकडायचा. कारखान्यात फेरी मारताना यामाउचींनी तो पाहिला आणि योकोईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं. कामाच्या वेळेत टाइमपास केला म्हणून आता आपली हजेरी घेणार, असं योकोईंना वाटलं. झालं उलटंच. साहेबांनी हुकूम सोडला की हे खेळणं म्हणून बाजारात आणायचं. १९६६ मध्ये ते 'अल्ट्रा हँड' या नावानं आलं आणि सुमारे १२ लाख नग खपले. मेंटेनन्सवाला माणूस खेळणी तयार करणारा झाला तो असा.

फक्त डावीकडे वळणारी गाडी

इथून पुढे योकोईंनी जे केलं त्यात एक समान धागा दिसतो. नवीन, महागडं तंत्रज्ञान आणायचं नाही. बाजारात जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्यात असं काहीतरी उचलायचं आणि कुणी केला नसेल असा त्याचा वापर करायचा. या पद्धतीला त्यांनी जपानीत जे नाव दिलं त्याचा अर्थ साधारण सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार असा होतो. आपल्या भाषेत मुरलेलं म्हणूया. लोणचं मुरलं की त्याची खरी चव कळते, तसंच हे.

उदाहरणं बघा. १९६९ मध्ये त्यांनी 'लव्ह टेस्टर' काढला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हातानं एकेक धातूचा गोळा पकडायचा, की काटा हलून प्रेम किती ते दाखवणार! आत होतं काय? अंगातून जाणारा अगदी बारीकसा विद्युतप्रवाह मोजणारा साधा मीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो त्याच जातीचा. पण त्या काळच्या जपानमध्ये चारचौघांत मुलीचा हात धरायला निमित्त मिळणं, हीच त्या खेळण्याची खरी किंमत होती.

मग आली रिमोटवर चालणारी गाडी. तेव्हा अशा गाड्या फार महाग असायच्या, कारण पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हालचालीसाठी वेगळी सोय लागायची. योकोईंनी विचार केला, यातलं काय काढून टाकलं तरी मजा उरते? १९७२ मध्ये आलेली त्यांची 'लेफ्टी आरएक्स' सरळ जायची आणि फक्त डावीकडे वळायची. बस. पण गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर गाडीला डावीकडेच तर वळायचं असतं! किंमत धाडकन खाली आली आणि पोरांची शर्यत काही थांबली नाही.

तुमच्या बजेटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या गाडीत आहे. कमी पैशांत सगळं मिळत नाही, काहीतरी सोडावंच लागतं. नेमकं काय सोडलं तर खेळ बिघडत नाही, हे ओळखणं महत्त्वाचं.

कॅल्क्युलेटरशी खेळणारा प्रवासी

सत्तरच्या दशकात जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटरवरून जोरदार स्पर्धा लागली होती. किमती इतक्या घसरल्या की कॅल्क्युलेटरचा एलसीडी पडदा आणि आतली चिप स्वस्तात मिळू लागली. त्याच सुमारास योकोई बुलेट ट्रेननं प्रवास करत होते. समोर एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईंच्या डोक्यात आलं, वेळ घालवायला असंच एखादं छोटं मशिन असलं तर? मोठ्या माणसालाही लाज वाटू नये, हातात लपेल, दोन अंगठ्यांनी खेळता येईल.

एप्रिल १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' बाजारात आलं. एका मशिनमध्ये एकच गेम, आणि सोबत घड्याळ. पडद्यावरच्या आकृत्या आधीच कोरलेल्या, त्यातली कुठली कधी दिसायची एवढंच चिप ठरवणार. कॅल्क्युलेटरमध्ये आकडे दिसतात तसंच. पुढच्या वर्षांमध्ये या मालिकेचे जगभरात चार कोटींहून जास्त नग विकले गेले. आपल्याकडे नव्वदीत जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा 'ब्रिक गेम' आठवतोय का? तुम्हाला नसेल, पण घरातल्या दादा-ताईला किंवा काकाला विचारा. साधा एलसीडी, पेन्सिल सेल आणि तासन्‌तास खेळ, हे सूत्र त्यातही होतं.

१९८२ मध्ये याच मालिकेत 'डाँकी काँग' गेम आला. वहीसारखं घडी होणारं, दोन पडद्यांचं मशिन. एवढ्या छोट्या जागेत जॉयस्टिकची दांडी बसणार कशी? योकोईंनी डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखं एक सपाट बटण बसवलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. अंगठा न उचलता, न बघता दिशा कळते. आज कुठलाही गेमिंग कंट्रोलर हातात घ्या, डाव्या अंगठ्याखाली ते बटण किंवा त्याचा भाऊबंद सापडेल. शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकार-डिझायनरला 'डाँकी काँग'चा मूळ आर्केड गेम बनवताना मार्गदर्शन करणारेही योकोईच होते. पुढे मारिओ आणि झेल्डा देणारा मियामोतो तो हाच.

करड्या डब्याची लढाई

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला, किंमत १२,५०० येन. योकोई टीमचे प्रमुख, आणि तांत्रिक बाजू उभी करण्यात सातोरू ओकादा यांचा मोठा वाटा. रंगीत पडदा बसवणं तेव्हा अशक्य नव्हतं. पण रंगीत पडदा म्हणजे आत दिवा, दिवा म्हणजे वीज, वीज म्हणजे सेल. योकोईंनी हिशेब मांडला तो पोरांच्या खिशाचा. मशिन एकदाच विकत घ्यायचं असतं, सेल मात्र दर आठवड्याला घ्यावे लागतात.

अमेरिकेत त्याच वर्षी अटारीचा रंगीत 'लिंक्स' आला, सुमारे १८० डॉलरला. १९९१ मध्ये सेगाचा 'गेम गिअर' आला, सुमारे १५० डॉलरला. दोघांनाही सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत मान टाकायचे. गेम बॉय सुमारे ९० डॉलरला, सेल चार आणि चालायचा १५ तासांच्या आसपास. लांबच्या प्रवासात कुणाचा गेम आधी बंद पडणार हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट गेमची. जुनी, ओळखीची चिप असल्यामुळे त्यावर गेम बनवणं कंपन्यांना सोपं गेलं. अमेरिकेत तर डब्यासोबत 'टेट्रिस' दिला गेला. मॉस्कोत ॲलेक्सी पाजितनोव यांनी बनवलेला हा गेम, खाली पडणाऱ्या ठोकळ्यांचा. त्याला रंगाची गरज नव्हती, गोष्टीची नव्हती, भाषेचीही नव्हती. मुलांच्या हातातला डबा आई-बाबांच्या हातात गेला तो याच गेममुळे.

तिसरी गोष्ट दणकटपणाची. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एका सैनिकाचा गेम बॉय न्यू यॉर्कच्या निन्टेंडो स्टोअरमध्ये अनेक वर्षं ठेवलेला होता. बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं आणि पडद्यावर टेट्रिस चालू! पुढे आलेला गेम बॉय कलर धरून या घराण्याचे जवळपास १२ कोटी नग विकले गेले.

लाल रंगात बुडालेलं स्वप्न

आता चुकलेल्या गणिताकडे येऊ. १९९५ मध्ये योकोईंनी 'व्हर्च्युअल बॉय' आणला. डोळ्यांना लावायचा मोठा चष्मा आणि आत खोली असलेलं चित्र. पद्धत तीच, स्वस्त आणि मुरलेली. लाल एलईडी तेव्हा सगळ्यात स्वस्त होते आणि वीजही कमी खायचे, म्हणून सगळं चित्र लाल आणि काळं. डोक्यावर बांधायचा विचार मागे पडला आणि मशिन टेबलावरच्या स्टँडवर आलं. म्हणजे खेळणाऱ्यानं वाकून त्यात तोंड खुपसायचं. मान दुखायची, डोळे थकायचे, डोकं धरायचं. ते चारचौघांत दाखवता येत नव्हतं आणि प्रवासात नेता येत नव्हतं. जगभरात आठ लाखही नग खपले नाहीत आणि वर्षभरात ते बंद झालं. सगळे मिळून गेम निघाले २२.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो गेम बॉयच्या यशाला जमिनीवर आणतो. स्वस्त आणि जुनं वापरलं की जिंकतोच असं नाही. गेम बॉयमध्ये रंग सोडला, तरी खेळणाऱ्याला मशिन बसमध्ये, गादीत, शाळेच्या मागच्या बाकावर नेता आलं. व्हर्च्युअल बॉयमध्ये जे सोडलं तो खेळणाऱ्याचा आराम होता. तो गेल्यावर कमी किमतीचा उपयोग काय?

१५ ऑगस्ट १९९६ ला, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोईंनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयमुळेच त्यांना जावं लागलं असं तेव्हाही बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं आधीपासून मनात होतं, असं योकोईंनी स्वतः स्पष्ट केलं होतं. जाण्याआधी त्यांनी 'गेम बॉय पॉकेट' पूर्ण केला. आधीपेक्षा बारीक, हलका आणि पडदा जास्त स्वच्छ. त्याच वर्षी जपानमध्ये 'पोकेमॉन' आला. सात वर्षं जुन्या मशिनसाठी बनलेला हा गेम दोन गेम बॉय वायरनं जोडून पोकेमॉनची अदलाबदल करायला लावायचा. सगळे म्हातारं समजत होते ते मशिन पुन्हा पोरांच्या दप्तरात गेलं.

शेवटचा प्रवास

योकोईंनी क्योटोत 'कोटो लॅबोरेटरी' नावाची स्वतःची कंपनी काढली. बंदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी ते नवं हातातलं मशिन बनवू लागले. हिशेब पुन्हा तोच, पण आणखी घट्ट. एकाच पेन्सिल सेलवर चालणारं, कृष्णधवल, आडवं आणि उभं दोन्ही धरता येणारं.

ते बाजारात आलेलं त्यांना बघता आलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागातल्या होकुरिकु एक्सप्रेसवेवर ते बसलेल्या गाडीची पुढच्या वाहनाशी किरकोळ टक्कर झाली. काय नुकसान झालंय ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना धडक दिली. वय होतं ५६.

ते मशिन १९९९ च्या मार्चमध्ये 'वंडरस्वान' नावानं आलं, ४,८०० येनला. सोबत आलेल्या एका पझल गेमला त्यांच्या आठवणीत नाव दिलं गेलं 'गनपे'.

आता तुमच्या खरेदीकडे

योकोईंचा हिशेब तुमच्या काही हजार रुपयांना लावून बघूया.

पहिलं, मशिनच्या किमतीवर थांबू नका. टीव्हीला जोडायचा जुना कन्सोल जपान किंवा अमेरिकेतून आलेला असेल, तर त्याचा अडॅप्टर १०० किंवा १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट आहेत. सरळ प्लग लावला तर खेळ सुरू व्हायच्या आत खलास. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, नव्या टीव्हीला जोडायचा कन्व्हर्टर, हा सगळा खर्च आधीच धरा. हॉस्टेलवर राहत असाल तर टीव्ही कुठून आणणार, तेही बघा. सेलवर चालणाऱ्या मशिनला यातलं काहीच लागत नाही.

दुसरं, गेम किती आणि कुठले मिळतील ते बघा. गेम बॉयच्या कार्ट्रिजला, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट कॅसेट म्हणायचे तिला, देशाचं बंधन नाही. जपानी कॅसेट अमेरिकन मशिनवर चालते. गेम बॉय ॲडव्हान्स किंवा त्याचा घडी होणारा ॲडव्हान्स एसपी घेतलात, तर मूळ गेम बॉयच्या आणि कलरच्या कॅसेटही त्यावर खेळता येतात. एका मशिनमध्ये तीन पिढ्या! एसपीला पडद्याचा दिवा आहे आणि तो चार्ज होतो. पैसे एकदाच खर्च करणार असाल तर हा विचार करण्याजोगा आहे.

तिसरं, हातात घेऊन तपासा. सेलचं झाकण उघडा. आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसली, तर सेल गळलेत. मूळ गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा गायब आहेत का ते बघा, ही त्याची जुनी खोड आहे. प्रत्येक बटण दाबा, आवाज ऐका. जुन्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह करायला आत एक छोटा गोल सेल असतो. तो संपला की तुमची प्रगती पुसली जाते, म्हणून सेव्ह करा, बंद करा, पुन्हा चालू करून बघा. नकली कॅसेटही खूप फिरतात, विशेषतः पोकेमॉनच्या. आणि हजारो गेम भरून मिणाऱ्या नव्या स्वस्त मशिन्समध्ये बहुतेक गेम परवानगीशिवाय भरलेले असतात, हेही माहीत असू द्या.

चौथं, तुम्ही कुठे खेळणार ते स्वतःला विचारा. लोकलमध्ये, एसटीत, लेक्चरच्या मधल्या वेळेत, की रविवारी घरी मित्रांसोबत? एकट्यानं प्रवासात खेळायचं असेल तर हातातलं मशिन घ्या. चौघं मिळून आरडाओरडा करायचा असेल तर वर्गणी काढून टीव्हीवाला कन्सोल घ्या.

बिट आणि मेगाहर्ट्‌झचा तक्ता या सगळ्यानंतर उघडा. तोवर तुमच्या यादीत दोन-तीनच नावं उरली असतील. त्यातलं एक बहुतेक त्या पत्त्यांच्या कारखान्यातल्या मेकॅनिकच्या घराण्यातलं असेल.